सींगवाली गिट्टी

वडिलांना दमा आणि त्यांच्या खोलीचं छत ओलं. जुनं पाडून नवा स्लॅब घालायचं ठरलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "गिट्टी बीच में खतम हुई तो जोड़ रह जाएगा. जोड़ रहा तो फिर टपकेगा." खडीला आम्ही ग्वाल्हेरवाले गिट्टीच म्हणतो. ती आणायचं आत्याने अंगावर घेतलं. ती गणित शिकवून निवृत्त झाली आहे, पण सुटका फक्त शाळेची झाली.

"आता मीठही फुटपट्टी लावून आणशील," वडील म्हणाले.

पहिला व्यापारी वजनावर विकत होता. काचेचं ऑफिस, फिरती खुर्ची आणि आवारात ट्रक तोलणारा काटा. त्याला इकडे धर्मकाटा म्हणतात. व्यवहारात धर्माचं नाव आलं की मी आधी खिसा चाचपतो.

"माताजी, पर्ची झूठ नहीं बोलती."

आत्याने ढिगातले मूठभर खडे रुमालात गुंडाळले. रुमाल भिजला.

"भैया, गिट्टी नहाकर आई है क्या?"

"धूल न उड़े, इसलिए पानी मारते हैं."

"और तौलते नहाने के बाद हैं!"

दुसऱ्याकडे ना काच, ना काटा. तो ट्रॉली मोजून घनफुटावर विकायचा. हे दोन भाव जुळवायचे कसे, हा मला पडलेला प्रश्न आत्याला पडलाच नाही. तिने तुपाच्या रिकाम्या डब्याचं घनफळ काढलं, त्यात पहिल्याकडची ओली गिट्टी हलवून हलवून भरली, भंगारवाल्याकडे तोलली, गच्चीवर वाळवली, पुन्हा तोलली. पाणी वजा झाल्यावर स्वस्त वाटणारा धर्मकाटा महाग निघाला.

पण मापाचंही एक पाप असतं. हादऱ्यांनी माल खाली बसतो. दिवाळीचा चिवडा रात्री डबाभर असतो, सकाळी पाऊण. म्हणून आत्याची अट अशी, की माप आमच्या दारात घ्यायचं.

"रास्ते में गिट्टी कौन खाएगा, मैडम?" दुसरा हसला.

"खाता कोई नहीं, बैठ जाती है. शीग लगाकर भरो."

"सींग? गिट्टी को?"

काठोकाठ भरलेल्या मापावर आणखी डोंगर रचतात, ती शीग. हिंदीत तिला काय म्हणतात ते आत्यालाही आठवेना. तिने दोन्ही हातांनी हवेत शिखर काढलं. त्यातून शिंगंच दिसली, पण त्याला मुद्दा कळला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत ट्रॅक्टरवाला ओरडत आला, "सींगवाली गिट्टी किसकी है?" सगळी गल्ली बाहेर आली. वाटेत शिंगं बसली होती. आत्याने ट्रॉलीवर आडवी पट्टी ठेवली. माल बरोबर काठाला होता.

स्लॅब एका दमात झाला. शेवटी कोपऱ्यात थोडी गिट्टी उरली, तिच्याकडे आत्या पेपर तपासून झाल्यासारखी बघत होती. पुढच्या पावसाळ्यात वडील त्या खोलीत कोरडे झोपले. आत्याचं कौतुक त्यांनी आजतागायत केलेलं नाही. मात्र दसऱ्याला ती श्रीखंड वाढायला आली तेव्हा त्यांनी वाटी पुढे केली.

"जरा सींग लाव."