शंभराला दोन कमी

शनिवार पेठेतल्या एका जुन्या शाळेत हमीद अत्तार सर विज्ञान शिकवतात. आडनाव अत्तार, पण अंगाला वास अमोनियाचा. जिन्यात दंगा करणाऱ्या पोरांना सर दिसण्याआधी नाकाला कळतात, त्यामुळे सरांना आजवर दंगा असा कधी सापडलेलाच नाही. आपल्या धाकामुळे शाळेत शिस्त आहे, असं ते समजतात. समजू द्यावं.

दरवर्षी जूनमध्ये दहावीच्या पहिल्या तासाला ते पुस्तक उघडत नाहीत. हात मागे बांधून उभे राहतात आणि म्हणतात, "या तासाकडून काय अपेक्षा ठेवायच्या, ते ऐकून घ्या. इथे काहीही उडणार नाही. यूट्यूबवर जे उडतं ते तिथेच उडू द्यावं, शाळेचं छत नाजूक आहे. वास येईल, तक्रार करू नये. बरणीतला बेडूक माझ्याआधी नोकरीला लागलाय, त्याला मान द्यायचा. आणि शेवटचं. जे दिसेल तेच लिहायचं. पुस्तकात काय आहे ते पुस्तकाला माहीत आहे."

शेवटचं वाक्य ते असं म्हणत की मागच्या बाकावरची डुलकीसुद्धा सावरून बसे. आणि गंमत म्हणजे त्यांचा स्वतःचा त्यावर ठाम विश्वास होता.

व्यवहार मात्र जरा निराळा. शाळेतला प्रयोग म्हणजे ठरलेलं लग्न. गेल्या वर्षीच्या एखाद्या सुंदर अक्षराच्या मुलीची प्रयोगवही वर्गात आधीच फिरून गेलेली असते, निरीक्षणं जमलेली असतात, निष्कर्ष निघालेला असतो. प्रयोगशाळेत जायचं ते फक्त अक्षता टाकायला.

यंदा अक्षता टाकायला सलोनी वानखडे आली. अकोल्याची. वडील चाकणला कारखान्यात लागले म्हणून जूनमध्येच पुण्यात आलेली. नवी असल्यामुळे तिच्यापर्यंत ती फिरती वही पोचली नव्हती. बिचारी खरोखर प्रयोग करत बसली. बर्फ तापवायचा, त्याचं पाणी, पाण्याची वाफ, आणि मिनिटामिनिटाला तापमान लिहायचं. बाकी सगळ्यांचं पाणी शंभर अंशांना उकळलं, अगदी शिस्तीत. सलोनीचं अठ्ठ्याण्णवला.

सर लाल पेन घेऊन सही करायला आले आणि थांबले.

"हे काय?"

"अठ्ठ्याण्णववरच थांबून राहिला ना सर. पाणी तर पुरं उकळून राहिलं होतं."

"थर्मामीटर जुना आहे. दोन अंश खाली झोपतो. शंभर कर."

हे उत्तर सर वर्षानुवर्षं देत आले होते. प्रत्येक वर्षी कोणीतरी एखादा खरा प्रयोग करतोच, त्याला थर्मामीटरची प्रकृती समजावून सांगावी लागते.

"पण सर," सलोनी म्हणाली, "बर्फात तर बरोबर शून्य दाखवत होता. मग उकळतानाच कसा झोपला?"

सरांनी कपाट उघडून दुसरा थर्मामीटर काढला, मग तिसरा. सगळे अठ्ठ्याण्णववर जाऊन असे बसले, जणू आपसात ठरवून आले होते. सरांनी पेनाला टोपण लावलं. "वही राहू दे. उद्या बघू."

आता अडचण साधी नव्हती. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला दुसऱ्या शाळेतले परीक्षक वह्या चाळतात. अठ्ठ्याण्णव चालू द्यावं तर मुलीचे गुण जाण्याची भीती. शंभर लिहायला लावावं तर जूनमधल्या त्या भाषणाचं काय करायचं? बेडकालाच विचारावं लागलं असतं.

संध्याकाळी चहा होत असताना त्यांनी घरी विषय काढला. बायको माहेरची मुंबईची, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते तिने पुण्याला विसरू दिलं नव्हतं.

"अहो, म्हणजे तुमच्या पुण्याचं पाणीसुद्धा पूर्ण शंभर गाठत नाही? दुपारी एक ते चार झोपत असेल."

अलिझा, त्यांची आयटीतली लेक, फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "अब्बा, पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. ऑब्व्हिअस आहे ना."

सरांनी कप खाली ठेवला. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं, हे ते स्वतःच दरवर्षी शिकवत होते. पण त्यांच्या डोक्यातली उंची म्हणजे हिमालय, जिथे डाळ शिजत नाही. पुणेकराला डोंगर म्हणजे पर्वती. आपण तिच्या पायथ्याशी राहतो, म्हणजे अर्थातच सपाटीवर! उभी हयात मुंबईपेक्षा वरचे म्हणून मिरवलेल्या माणसाला, आपण मोजूनही वर आहोत, हे सुचलं नव्हतं.

"ऐकलंस?" ते बायकोला म्हणाले. "आम्ही वर राहतो, म्हणून."

"राहा," ती म्हणाली. "डाळीला दोन शिट्ट्या जास्त देते."

दुसऱ्या दिवशी सर मुख्याध्यापिका भाग्यश्रीबाईंकडे गेले. बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढला.

"अत्तार सर, इतकी वर्षं शंभरला उकळलं ना? पाण्याला म्हणावं, परीक्षेपर्यंत जरा कळ काढ."

"बाई, पाणी माझ्या वर्गात नाही. मुलं आहेत."

बाईंनी चष्मा परत लावला. "परीक्षकांनी गुण कापले तर?"

"तर त्यांच्यासमोर मी पाणी तापवीन."

"तापवा," बाई म्हणाल्या. "पण गॅस शाळेचा नाही वापरायचा. स्पिरिटचा दिवा आहे ना?" पुण्यात याला पाठिंबा म्हणतात.

वर्गात येऊन सरांनी सलोनीच्या वहीवर सही केली, सगळ्यांना दिसेल अशी, नेहमीपेक्षा मोठी. मग फळ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी बरोबर होतं, मी चूक होतो. आजवरच्या सगळ्या मुलांना मी शंभर लिहायला लावलं. त्यांतले काही इंजिनिअर झालेत. त्यांचे पूल अजून उभे आहेत, एवढंच समाधान. टाळ्या नकोत. बाकी सगळ्यांनी प्रयोग परत करायचा."

टाळ्या कोणी वाजवणारच नव्हतं. "सलोनी, तुझ्यामुळे!" असा एक दबका सूर मात्र सर्व बाकांवरून उठला. ती पहिल्यांदाच पुणेकर झाल्यासारखी हसली.

तिवया मांडल्या गेल्या. बर्फ आला. सर बाकांमधून फिरू लागले, मन हलकं झालेलं, अमोनियाला आज जरा अत्तराचा वास. दोन मिनिटं झाली असतील नसतील, तोच खिडकीजवळच्या अभिनवने वही वर केली.

"सर, झालं. अठ्ठ्याण्णव."

सरांनी वही पाहिली. आलेख देखणा होता, निष्कर्षाखाली रेघ मारलेली होती. मग त्यांनी चंचुपात्र पाहिलं. बर्फाचा खडा अख्खा होता आणि त्याच्याखालचा दिवा थंड.

"अभिनव," सर फार मायेने म्हणाले, "काडी तरी ओढ."