बाईंनी मागे बांधलेले हात

ओल्या जाळ्याचा वास आला की मला वाचनालयातली ती दुपार आठवते. खाली किनाऱ्यावर गावकरी रापण, म्हणजे समुद्रात सोडलेलं लांबलचक जाळं, दोरीने ओढत होते आणि वर एक निवृत्त शिक्षिका आम्हा नवख्यांना इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात लिहायला शिकवत होत्या. मी रापणीवरच लिहिलं: दोरीला जो हात लावील, त्याला माशांचा वाटा मिळतो. थोड्याच वेळात कुणा अनोळखी संपादकाने ते काढून टाकलं. कारण, संदर्भ नाही. माझं डोकंच फिरलं. "माझ्या बापाशीचो जल्म रापणीत गेलो, आनि ह्यांका पुरावो व्हयो?" म्हणत मी पिशवी उचलली. बाईंनी वाद घातला नाही. कपाटातून मासेमारीवरचं एक जुनं पुस्तक शोधून माझ्यासमोर उघडून ठेवलं. "तुमीच लिवा ना," मी फणकारले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "माका येता गो, तुका येवक व्हया." दिवेलागणीला माझा मजकूर संदर्भासकट पानावर टिकला, तोवर त्या तशाच शेजारी उभ्या होत्या. हल्ली नवख्यांना मी शिकवते; माझेही हात कळफलकाकडे धावतात, मग मी ते मागे बांधते. रापणीचं पान आता मोठं झालंय. त्याच्या संपादनांच्या इतिहासात लिहिणाऱ्यांची कितीतरी नावं दिसतात. बाईंचं कुठेच नाही.