फोन बिघडला नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

सोलापुरात इंजिनिअरिंगला असताना रेणुका माझ्याच खोलीत राहायची. सांगोल्याकडची, घरी मेंढरं. माझ्यापेक्षा हुशार—एवढं कबूल करायलाही मला किती वर्षं लागली! शेवटच्या वर्षी तिनं वडिलांसाठी अ‍ॅप बनवलं. कुठल्या मेंढराला लस कधी द्यायची ते बोलून सांगणारं, कारण वडिलांना वाचता येत नव्हतं. आणि माझं? कॉलेजच्या वेळापत्रकाचं. तसलं वर्गात आणखी चौघांनी केलेलं.

पुण्याच्या एका कंपनीची माणसं निवडीला आली. जागा एक, आणि शेवटी उरलो आम्ही दोघी. लॅपटॉपला फोन जोडायचा, अ‍ॅप फोनवर चढवायचं, त्यांच्यासमोर चालवून दाखवायचं—एवढंच काम. माझं झालं. रेणुका उठली, आणि ऐनवेळी तिची केबल दगा देऊ लागली. तिनं माझ्याकडे हात पुढे केला.

माझ्या पिशवीत दोन केबली होत्या, दिसायला सारख्याच. पण एकीतून नुसतं चार्जिंग व्हायचं. ती लावली तर लॅपटॉपला फोन सापडायचाच नाही. गडबडीत चुकून तीच हाताला लागली—असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. खोटं आहे ते. मी दोन्ही बाहेर काढल्या. पाहिल्या. आणि ती दिली.

"चार्ज तर होतोय की गं," रेणुका पुटपुटली, "मग हितं दिसत का न्हाय?"

एवढ्यावर तरी थांबावं की नाही माणसानं? मी मदतीला म्हणून उठले. तिच्या फोनची सेटिंग उघडली, उगाच दोन-चार बटणं दाबली, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या फोनचंच काहीतरी बिघडलंय, रेणू." त्या माणसांना पुढच्या कॉलेजला जायचं होतं. ती त्यांना 'सॉरी' म्हणाली—दोनदा. बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाली, "तू लई केलंस माझ्यासाठी."

नोकरी मला मिळाली. ती गावाकडे परतली, तिथल्या शाळेच्या ऑफिसात लागली. अ‍ॅपचं नाव पुन्हा काढलं नाही—आणि मीही कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. धाकट्या बहिणीला कॉम्प्युटरला जायचं होतं, पण हिनं अडवलं. "म्हटलं, नको बाई. मी बघितलंय की करून. आपल्याला जमत न्हाय ते. व्हय की न्हाय गं?"

 

मी तिच्या आईची तब्येत विचारली.