टेबलावर बोललं ते झालं

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, जिला घाबरत नाहीत अशी गोष्ट अजून जन्माला यायची आहे. कुत्रा भुंकला की रस्ता ओलांडतात. फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवतात, मग उचलतात. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातात, परत येतात, कुलूप ओढून बघतात, आणि बहीण तिकडे कपाळाला हात लावून उभी. अशा माणसाचं काम काय, तर लिफ्ट दुरुस्त करायची. मी एकदा विचारलंच, "भावोजी, त्या अंधाऱ्या बोगद्यात उतरताना तुमची पाचावर धारण बसत नाही?"

"बसते ना, ताई. पण दुरुस्त झाली की पहिला मीच वर जाऊन येतो. दुसऱ्या कुणाला आधी पाठवायचं म्हटलं की त्याहून जास्त भीती वाटते."



या माणसाला नाद आहे देव बनवायचा. रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती मंडळी जमतात. लिफ्टवरचा त्यांचा जोडीदार, खालच्या मजल्यावरची औषधवाली आणि शाळेत कवायत शिकवणारे सर. फासे, कागद आणि कपांवर कप चहा. एक खोटं जग रचायचं, त्यात प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी वैदू, कुणी चोर, आणि पुढे काय होतं ते फाशांवर आणि बोलण्यावर ठरवायचं. भावोजी सोंग घेत नाहीत. ते ते जग चालवतात, म्हणून त्यांना सगळे विधाते म्हणतात. घरातला उंदीर माझी बहीण मारते आणि विधाते तोवर स्टुलावर उभे असतात, हे मंडळींना ठाऊक नाही.

देव बनवायची त्यांची रीत ठरलेली. आधी आपली एक भीती घ्यायची आणि तिला हातपाय द्यायचे. उंचावरून पडायच्या भीतीतून खोलोबा निघाला. तो विहिरींच्या तळाशी बसून वरच्यांना नावानं हाका मारतो. कुलपाच्या भीतीतून निघाली एक देवी, जी स्वर्गाच्या दारातून 'दिवा विझवला का' हे बघायला घरी परत गेली आणि अजून जातेच आहे. शिवाय प्रत्येक देव कशाला ना कशाला घाबरलाच पाहिजे. न घाबरणाऱ्या देवापुढे माणसांचं काही चालत नाही, मग खेळात मजा काय, असं त्यांचं म्हणणं.

आणि एक कायदा. टेबलावर बोललं ते झालं. एकदा तोंडातून गेलं की त्या जगात ते घडलं. विधात्यांनाही ते खोडता येत नाही, फार तर त्यात भर घालता येते. एकदा जोडीदारानं गमतीत आपल्याच चोराला दरीत ढकललं, तर तो चोर मेलाच. जोडीदार आठवडाभर भावोजींशी धड बोलला नव्हता.

बहिणीच्या हृदयाची झडप गळते आहे, ती बदलावी लागणार, असं कळलं त्या सुमारास सरांनी विचारलं, "विधाते, तुमचं हे जग मुळात झालं कशातून?"

मी त्या दिवशी तिथेच होते, भाजी निवडत. भावोजींनी फासे हातात चोळले. मग म्हणाले, "आधी काहीच नव्हतं. फक्त आदिमाय होती. तिनं श्वास आत घेतला आणि कोंडून धरला. त्या कोंडलेल्या श्वासात डोंगर, नद्या, गुरं, माणसं, सगळं झालं. ती श्वास सोडेल तेव्हा सगळं संपेल."

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. पण सर हौशी. "मग आमचा उपयोग काय?" भावोजींनी भर घातली. कुणाचा जीव जात असेल तर त्याच्या माणसानं आदिमायेसारखा श्वास कोंडायचा. जोवर कोंडून धरेल तोवर त्याचा जीव जात नाही. लगेच औषधवालीच्या वैदूला साप चावला आणि सरांनी श्वास कोंडला. गाल फुगवून, डोळे वटारून, टोमॅटोसारखे लाल झाले. सगळे हसून हसून लोळले. माझी भाची टेबलाच्या कडेला त्या जगाचे नकाशे रंगवत होती. ती हसली नाही. ते मला आज आठवतं, तेव्हा मनावर घेतलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तिघं बाहेरच्या बाकांवर बसलो होतो. बहिणीला सकाळीच आत नेलं होतं. भाचीला शेजारी ठेवून येऊ म्हटलं तर तिनं दाराची चौकटच धरली, म्हणून आणली. सकाळपासून तिच्या पोटात दुधाचा थेंब नाही. भावोजी दर थोड्या वेळानं उठून त्या बंद दारापर्यंत जात आणि परत येत.  माझ्या एकुलत्या एक बहिणीची छाती आत उघडली होती आणि मी बाहेर पर्सचा पट्टा पिळत बसले होते.

भाचीकडे नजर गेली तर तिच्या मुठी आवळलेल्या, डोळे गच्च मिटलेले, ओठ निळसर. "अगं काय झालं?" म्हणेपर्यंत ती बाकावरून घसरली आणि समोरच्या खुर्चीच्या कडेवर आपटली. भुवईतून रक्त आलं. मी ओरडले. नर्स धावत आली, तिला आडवं केलं, गालावर थोपटलं. श्वास आपोआप सुरू झाला, डोळे उघडले. आणि उघडल्या उघडल्या ती पोर काय म्हणाली?

"माझा सुटला. आई गेली का?"

आम्ही समजलो. भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. नर्स जखमेवर पट्टी लावत होती, आणि तिच्या हाताखालीच पोरीनं पुन्हा गाल फुगवले.

"सोड! सोड आधी!" मी तिला गदागदा हलवलं. मग भावोजींवर उलटले. "बघा तुमचे देव! आई आत आणि पोर बाहेर, दोघींना घेऊन जाणार! मोडा तो खेळ!"

भावोजी गुडघ्यांवर बसले. "बाळा, ते खोटं आहे. मीच रचलंय. बाबानं रचलंय सगळं."

पोरीनं मानेनंच नाही म्हटलं. मग दम संपून श्वास सुटला तेव्हा रडत म्हणाली, "टेबलावर बोललं ते झालं. खोडता येत नाही. तूच म्हणतोस." आणि पुन्हा श्वास ओढला.

"मग भर घालतो," भावोजी म्हणाले. कोपऱ्यातलं मासिकांचं टेबल त्यांनी ओढून आणलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.  "आदिमाय…" म्हणाले आणि अडले. पुढे काही येईना. आयुष्यभर भीतीतूनच देव काढले, आणि आज सगळ्यात मोठी भीती समोर होती तर माणसाची वाचाच बसली होती. पोरीचे ओठ पुन्हा निळे पडायला लागले.

मी कधी तो खेळ खेळले नव्हते. चेष्टाच केली होती. पण मी टेबलाशी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "विधाते, तुमची आदिमाय कशाला घाबरते ते सांगितलंच नाहीत. न घाबरणारा देव खेळात चालत नाही ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "श्वास सुटायला," ते म्हणाले. "त्यालाच घाबरते. धरून धरून तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि सुटला."

"मग?"

"मग तिला वाटलं, संपलं सगळं. डोळे उघडायची तिची हिंमत होईना. पण गुरं चरत होती. नदी वाहत होती. जग होतं तिथंच होतं. तिनं सोडलेल्या श्वासाचा वारा झाला. तेव्हापासून ती श्वास घेते आणि सोडते, सगळ्यांसारखी. आता कुणी कोंडला तरी तिला कळत नाही."

पोरीनं श्वास सोडला. "मग जग कुणी धरलंय?"

"कुणीच नाही."

"आणि आईला?"

 इथे भावोजी सहज खोटं बोलू शकले असते. मी असते तर बोलले असते. "आईचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "ते आत डॉक्टर करतायत. तुला धरायचं नाही. तुझ्यावर नाही ते, बाळा."

मग ती भोकाड पसरून रडली, दिवसभराचं साठलेलं. रडताना माणसाला श्वास कोंडता येत नाही. मी तिला पोटाशी धरलं आणि तिच्या पाठीचं वरखाली होणं हाताखाली बघत राहिले. दार उघडेना. भिंतीकडे बघायचं, दाराकडे बघायचं, दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टोपी काढत म्हणाल्या, "झडप बसली. ठीक आहे त्यांची तब्येत."

भावोजींनी भिंत धरली. पोर माझ्या मांडीवरून उतरून पुढे गेली. "आई श्वास घेतेय?"

बाई वाकल्या. भुवईवरची पट्टी बघून त्यांना वाटलं असावं, शहाणी पोर आहे, नीट सांगावं. "आत्ता यंत्र तिला मदत करतंय. मधे काही वेळ तर आम्ही तिचं हृदय आणि श्वास, दोन्ही थांबवलं होतं. मग परत सुरू केलं. आता तुझी आई ठणठणीत होणार."

बाई गेल्या. पोर वळली. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

"बाबा, तिचा सुटला होता! आणि जग राहिलं! तू बोललास आणि झालं!" ती त्यांच्या पायांना बिलगली. "आता काही झालं की तूच बोल."

भावोजी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. बहीण वाचली होती आणि मला आनंदानं रडू येत होतं. मला वाटलं, ते पण रडतायत. जवळ गेले तर डोळे कोरडे. लिफ्टच्या बोगद्यात उतरणाऱ्या त्या माणसाचा तसा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता आणि पुन्हा बघायची माझी तयारी नाही.

"ताई," ते पोरीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "आणि पुढच्या वेळी मी बोललो, आणि नाही झालं तर?"

 मी त्यांचा हात धरला.