त्रास वाढला, छान झालं

आमच्या घरी कुणाचा त्रास वाढला की अण्णा खूश व्हायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी खात्यात हेडक्लार्क. पण रविवारी सकाळी ते डॉक्टर असायचे. नवनगरच्या घराच्या व्हरांड्यात होमिओपॅथीची लाकडी पेटी उघडून बसायचे आणि येईल त्याला फुकट गोळ्या द्यायचे. हुबळी-धारवाडकडच्या मराठी घरांत असा एखादा फुकटचा डॉक्टर निघायचाच. कुणाकडे वकील, कुणाकडे मास्तर. आमच्या वाट्याला हे आले.

त्यांचा सगळा भरवसा एका शब्दावर होता: ॲग्रव्हेशन. औषध लागू पडलं की दुखणं आधी उसळतं आणि मग ओसरतं, असं त्यांच्या पुस्तकात होतं. त्यामुळे अण्णांचं औषध कधी चुकतच नसे. बरं वाटलं तर गुण आला, वाढलं तर गुण येतोय. गल्लीलाही याची सवय झाली होती. शेजारच्या अक्का गुडघा धरून यायच्या, "ब्यानी जास्ती आगेद री," दुखणं वाढलंय हो, म्हणायच्या. अण्णा हात चोळत म्हणायचे, "छलो आतु!" छान झालं. अक्का समाधानानं लंगडत घरी जायच्या.

आईला दमा होता. पंच्याण्णवच्या सुमारास, मी कॉलेजात असताना, समोर बांधकाम निघालं आणि त्या थंडीत तिचा दमा उठला. अण्णांनी गोळ्या दिल्या आणि पथ्य सांगितलं: कॉफी बंद. कॉफीनं गोळीचा गुण मरतो. आईनं मान डोलावली.

थोड्याच दिवसांत तिला बोलताना मध्येच थांबावं लागायला लागलं. अण्णा म्हणाले, "बघ, लागू पडालंय." मग ती बसूनच झोपायला लागली. अण्णा म्हणाले, उत्तम. मी डॉक्टरकडे नेऊ या म्हटलं, तर आता मध्येच दुसरं औषध दिलं की केलेलं सगळं पाण्यात जाईल, असं उत्तर मिळालं. अक्काही येऊन आईचं अभिनंदन करून गेल्या. मला आई जाते की काय अशी भीती वाटत होती, आणि सगळ्यांचा राग येत होता.

त्या रविवारी व्हरांड्यात पेशंट बसलेले आणि आत आई ओट्याला धरून उभी. ओठ निळे पडलेले. मी ओरडले तसे अण्णा आत आले. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "हा शेवटचा चढ. आता उतारच."

आईनं श्वास गोळा केला. "अहो... मी गोळ्या... घेतल्याच नाहीत."

"म्हणजे?"

"कॉफी सुटंना. कॉफीवर गोळी घेऊन... तुमचं औषध कशाला... वाया घालवायचं?"

अण्णा जागच्या जागी उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना प्रश्न पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"मग हे काय वाढालंय?"

"दमा," आई म्हणाली.

मी रिक्षा आणली. अण्णा अनवाणीच बसले. पेशंट आपापसांत बोलत बसून राहिले. हुबळीत लॅमिंग्टन रोडजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आईच्या तोंडावर मास्क चढवला आणि कागदावर लिहिलं: एक्झॅसर्बेशन. अण्णांनी ते उलट्या बाजूनं वाचलं.

"हे चांगलं लक्षण का हो, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "चांगलं? अहो, आजार बळावलाय, एवढाच त्याचा अर्थ. आणखी थोडा उशीर केला असता, तर मला काही करता आलं नसतं."

अण्णा कॉटशेजारी स्टुलावर बसले आणि आईच्या तोंडावरचा मास्क हातानं धरला. मास्कला रबरी पट्टी होती, चांगली घट्ट. नर्सनं कन्नडमध्ये समजावलं, सोडा, पडणार नाही तो. अण्णा "हूं री" म्हणाले आणि धरून राहिले.

मी घरी जाऊन दुपारी डबा घेऊन परतले, तेव्हा आईला कितीतरी दिवसांनी आडवं होऊन झोप लागली होती. अण्णांनी मास्क आता डाव्या हातात धरला होता. उजवा भरून आला असावा.