बेंबीचा आंगारा

देव आहे, असं मी मानतो. त्याच्या व्यवस्थापकांविषयी मात्र माझं मत फारसं बरं नाही. धाकटा भाऊ रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तापानं फणफणत होता, तेव्हा एक महाराज दोन गाड्या भरून शिष्य घेऊन आले आणि त्याच्या करदोड्याला लठ्ठ ताईत बांधून गेले. ताप हलला नाही. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉइड नाही, असे रिपोर्ट येत राहिले आणि मूत्रपिंडं थकत चालली. मी स्तोत्र म्हणायचो. पण ते सरकारी कचेरीत अर्ज टाकल्यासारखं वाटे. पोच मिळते, उत्तर येत नाही.

मग संसर्गजन्य रोगांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं गेलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि भाऊ कुठे गेला होता, काय खाल्लं, घरात उंदीर आहेत का, असं शेजारणीसारखं विचारू लागल्या. तो संत्र्याच्या बागेत गवत कापत होता, एवढं मी सांगितलं. ते ऐकून त्यांनी त्याचं अंग इंच इंच पाहायला घेतलं. मान, काखा, गुडघ्यांच्या मागे. कमरेशी हात जाताच आई ओरडली, "करदोड्याले हात नका लावू बाई! जित्या माणसाचा सोडत नसतात."

बाई थांबल्या. मला राग आला तो आईचा. पण बाई एवढंच म्हणाल्या, "बरं आजी. तुम्हाला काही करायचं आहे का त्याच्यासाठी?"

आईनं कनवटीची पुडी काढली. गावच्या देवीचा आंगारा. नर्स पुढे झाली, तिला बाईंनी नजरेनंच थांबवलं. "लावा. पण आधी साबणानं हात धुवा."

"काहून वं? देवीच्या आंगाऱ्याले साबण लागते का?"

"देवीले नाही लागत आजी, तुमच्या हाताले लागते."

आई हसली. त्या खोलीत कितीतरी दिवसांनी कोणी हसलं. हात धुऊन तिनं त्याच्या कपाळाला बोट लावलं. आमच्याकडे तापात आंगारा बेंबीलाही लावतात. तिथं पोचायला तिनं स्वतःच करदोडा ताइतासकट वर सरकवला.

"थांबा," बाजूला उभ्या बाई वाकल्या. ताइताखाली काळी खपली होती, विडीनं चटका दिल्यासारखी.

"ताइतानं घासलं असन," आई म्हणाली.

"नाही आजी. गवतातला बारीक किडा चावलाय. दुखत नाही, म्हणून कळत नाही. हा ताप त्याचाच." त्याच क्षणी त्यांनी औषध बदललं. साधंच, जुनं औषध. दुसऱ्या दिवशी ताप उतरू लागला. भावानं डोळे उघडून चहा मागितला, तेव्हा मी जिन्यात जाऊन रडलो.

याला चमत्कार म्हणावं असा माझा आग्रह नाही. किडा खरा, औषध खरं, बाईंची नजर खरी. पण एका विदुषीनं आंगाऱ्याला वाट करून दिली नसती, तर आईचा हात तिथं गेला नसता. शरण जाणं म्हणजे लोटांगण, असं मी समजत होतो. आता वाटतं, आपलं शहाणपण हातात ठेवूनही दोन पावलं बाजूला होता येणं, हेच ते असावं. स्तोत्र अजून म्हणतो. उत्तराची घाई मात्र राहिली नाही.

भाऊ घरी आला त्या दिवशी आईनं सगळ्यांना आंगारा लावला. माझ्यापाशी येऊन कपाळाला बोट टेकवलं आणि जरा थबकली. "तुले चालते का गा बेंबीले?"

मी शर्ट वर केला.