अव्वाचा पाहुणा आणि रस्त्यावरचा कोपरा

माझी आजी फार मायाळू होती, हे मी कुणालाही सांगेन. पण नव्या रस्त्यावरचा कोपरा माझ्या हातून तिच्यामुळे गेला, हेही सांगेन.

आमच्या उदगीरकडं आजीला अव्वा म्हणतात. आईबाप लवकर गेले, तिनंच मला वाढवलं. हातगाडीवर पाण्याचे ड्रम विकत विकत मी लातूरला भाड्याचं दुकान थाटलं आणि तिला घेऊन आलो.

सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन तिची पूजा चालायची. त्या वर्षी दुष्काळ होता. टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. ती पेलाभर पाण्यात पूजा उरकायची. पण दुसऱ्या नेमात तिनं काटकसर केली नाही. बाहेरचं एक माणूस जेवल्याशिवाय ती घास घेत नसे. भिक्षेला जंगम स्वामी आला तर उत्तम, नाहीतर टँकरवाला, बोहारीण, कुणीही चालायचं. एकदा फुटका ड्रम घेऊन भांडायला आलेल्या गिऱ्हाइकालाच तिनं पाटावर बसवलं. तो भांडण विसरून ढेकर देत गेला. मी मात्र बाह्या सरसावून तसाच उभा.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या येत होत्या, रस्ते रुंद होत होते. हदगावकडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याला नव्या रस्त्यावरची आपली अर्धी जागा विकायची होती. भाव ठरला. अडलं ते एवढ्यावरच, की रस्त्याच्या तोंडाचा कोपरा कुणाचा. उपाशी माणूस लवकर वाकतो, असा माझा अनुभव. म्हणून मी त्याला ऐन जेवणाच्या आधी घरी बोलावलं.

तो येऊन टेकतो न टेकतो, तोच अव्वा ताट घेऊन हजर. "उठा, हातपाय धुवा. गरम भाकरी हाय."

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "तुमच्या घरचं जेवलो की तुमच्या नातवाला न्हाई म्हणायला तोंड राहत न्हाई. आधी बोलणं."

गडी माझ्याच जातकुळीचा निघाला. दुपार टळली. लाईट गेलेली, पंखा बंद. मी म्हणायचो, "कोपरा द्या." तो म्हणायचा, "मागची बाजू घ्या, सावली लई." मी आवाज चढवला की तो शांतपणे टोपीनं वारा घ्यायचा.

शेजारीण डोकावली. अव्वाचं तोंड सुकलेलं बघून म्हणाली, "अव्वा, मी जेवते की तुमच्याकडं. नेम झाला म्हणा."

"घरात पाहुणा उपाशी बसलाय, आन् तुला वाढू व्हय?" अव्वा म्हणाली आणि भिंतीला टेकून तिनं डोळे मिटले. ओठ तेवढे हलत होते.

व्यापारी तिच्याकडं बघेना. मीही बघेना. शेवटी ती उठायला गेली, तर भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी धावत जाऊन तिला धरलं आणि रागानं त्याच्यावर ओरडलो, "घ्या तुमचा कोपरा! पण आता मुकाट्यानं जेवा!"

तो ताडकन उठून पाटावर बसला. पहिली भाकरी दिसली न दिसली तोच संपली.

"कोपरा गिळलात, आता सावकाश तरी खा," मी म्हणालो.

"मावशी, तुमचा नातू लई तापट हाय," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला.

"तापट हाय, पर वाईट न्हाई," अव्वानं त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकली. मी फुगून कोपऱ्यात बसलो होतो. "मला भूक न्हाई," म्हणालो.

"मग राहू दे. तू घरचा हायस, तुझ्यावाचून माझं जेवण अडत न्हाई."

मग ती निवांत जेवली, शेंगदाण्याची चटणी बोटानं चाटून पुसून. जाताना व्यापाऱ्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मला वाटलं, आता तरी विरघळेल आणि कोपरा सोडेल. सोडला नाही. तिथं त्याच्या पोराचं दुकान जोरात चालतं. माझ्या दुकानाकडं सावली लई.

त्या दुपारी व्यापाऱ्याचीही बोटं चुळबुळत होती, नजर ताटाकडं जात होती. अव्वा अजून थोडं न डगमगता बसली असती, तर तो नक्की मोडला असता. मला मात्र तिला तसं उपाशी बघत बसवलं नसतं.